प्रश्नचिन्हासकट

४ मार्च

चिमे,

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडेन आणि तू "हो ताई, हो ताई" करत भाजी चिरत बसशील. मेलही करत नाही, कारण पडद्याकडे बघितलं की अजून डोळ्यांतून पाणी येतं, आणि ते रडण्याचं आहे असा कोणाचा समज व्हायला नको. म्हणून हाताने लिहितेय. नीट वाच.

बगळ्याने माझं नाव पुसलं.

गेल्या महिन्यात मला घरी बसवलं ते मी गिळलं. इतकी वर्षं ज्याच्या हाताखाली काम केलं तो प्रमुख समोर बसून म्हणाला, "पद रद्द झालंय, तुमच्यावर काही राग नाही." मीटिंगमध्ये डोळे मिटून तासन् तास गप्प बसायचा आणि मासा जवळ आला की गट्टम, म्हणून तर आपण त्याला बगळा म्हणायचो. मी माझा कप आणि खुर्चीवरची उशी उचलली आणि निघाले. पण काल आमच्या ऑन्टॉलॉजीची, म्हणजे माशांच्या अवयवांच्या त्या कोशाची, नवी आवृत्ती बाहेर पडली. राहवलं नाही. उघडली, माझी तीन अक्षरं शोधली. एकाही ठिकाणी नाहीत!

तेवढ्यात शेजारीण वाटी परत द्यायला आली आणि सगळा राग तिच्यावरच निघाला. ती बिचारी म्हणाली, "पण तुम्ही तिथे नेमकं करत काय होता?" मी म्हटलं, माशांची भावकी लावत होते. माशाच्या अंगातल्या प्रत्येक अवयवाची एक नोंद, एक नंबर. कोण कोणाचा भाग, कोण कोणाच्या जातीचा. दुसऱ्यांच्या डेटाबेसांत त्याच अवयवाला दुसरे नंबर असतात. तर आमचा हा म्हणजे तुमचा तो, असे दुवे जोडायचे. ती म्हणाली, "म्हणजे सोयरिकी जुळवता की!" म्हटलं हो, आणि एक सोयरीक चुकली की जगभरचे लोक चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात.

प्रत्येक दुव्याखाली, ज्याने तो जोडला त्याची तीन अक्षरं असतात. माझी तीन माहेरच्या नावाची, तुला ठाऊक आहे. लग्नानंतर बँकेत नाव बदललं, दारावरच्या पाटीवर बदललं, आणि तुझे भाऊजी तर मला "अगं" याच नावाने ओळखतात. अख्ख्या आयुष्यात त्या एकाच जागी मी माझ्या नावाने होते. आता तिथे बगळ्याची अक्षरं. सगळीकडे, एका बटणाने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मला माझं नाव परत हवंय. आणि नुसतं तेवढंच नको, त्याचं नाक चारचौघांत कापलेलं हवंय. कसं ते अजून सुचलेलं नाही, पण सुचेल. आमचे दुवे तुमच्या जनुकांच्या डेटाबेसात जातात. तिथेही पुसलंय का, बघून कळव.

तुझी ताई


१३ मार्च

ताई,

पत्र वाचलं. भाजी चिरत नव्हते, पण हो ताई, हो ताई नक्की म्हणत होते.

पुसलंय गं. आमच्याकडे सगळं तुमच्याकडूनच येतं, त्यामुळे इथेही तुझ्या जागी तोच. बदलाच्या नोंदीत लिहिलंय, "संपर्कासाठी एकच व्यक्ती असावी म्हणून." वाचून मलाच मेलीला लाज वाटली. हे काम मला तू शिकवलंस, आणि तुझं नाव गेलेलं मला तुझ्या पत्रातून कळावं!

पण ताई, जाऊ दे ना. तू किती चिडतेस, तुझं बीपी किती वर जातं. आई म्हणत होती, तिची ही भाची लहानपणी सापशिडीत हरली की पट खिडकीबाहेर फेकायची. आता पट फार मोठा आहे.

एक गंमत मात्र सांगते. तुझे ते प्रश्नचिन्हवाले दुवे आठवतात ना? ज्या दुव्याची तुला खात्री नसायची, तिथे तू तीन अक्षरं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायचीस: "वापरण्याआधी मला विचारा." बगळ्याने अक्षरं बदलली पण प्रश्नचिन्हं तशीच राहिली. म्हणजे आता प्रत्येक शंकेच्या जागी लिहिलंय, बगळ्याला विचारा! आमचा नियम तर तुला माहीत आहे, ज्याची अक्षरं त्याला लेखी विचारल्याशिवाय असा दुवा वापरायचा नाही. आता मी विचारू कोणाला? तुला की त्याला?

बाकी सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात. माझी मुदतीची नोकरी जूनअखेर संपतेय, पुढचं अजून काही कळलेलं नाही.

तुझी चिमी


१९ मार्च

चिमे, चिमे, चिमे!

तू वेडी आहेस का देवदूत आहेस? मला विचारू का त्याला! अगं, त्यालाच विचार! त्याचीच अक्षरं आहेत ना? मग त्यालाच विचारायला हवं, नियम म्हणजे नियम!

हे असं झालंय बघ. त्याने अख्खं घर लुटलं आणि लुटीत माझी थकलेली बिलंही उचलून नेली. त्या प्रश्नचिन्हांमागे काय आहे हे कुठेही लिहिलेलं नाही, ते माझ्या डोक्यात आहे. आणि डोकं काही त्याला बटण दाबून नेता आलं नाही.

आता ऐक. सगळे प्रश्न एकदम पाठवायचे नाहीत. एकदम पाठवलेस तर तो म्हणेल कामाचा बोजा आहे, आणि कुठल्यातरी पोराच्या गळ्यात मारेल. एकेक पाठव. अगदी नम्रपणे, "आपल्या सवडीने" म्हणून. उत्तर आलं की त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. मी तुला लिहून देते. पहिला हा घे: "माशाच्या पोटातली हवेची पिशवी आणि आमच्याकडचं फुप्फुस, यांना आपण जवळचे म्हटलं आहे, तेच म्हटलेलं नाही. आपल्या मनात नेमकं काय होतं?" आपल्या मनात! हा शब्द गाळू नकोस. त्याच्या मनात काय होतं ते मलाही ऐकायचंय.

एक सोडून सगळे विचार. कल्ल्यांवरच्या श्वासपिशवीचा जो दुवा आहे ना, पाण्याबाहेर श्वास घेणाऱ्या माशांचा, त्याला हात लावू नकोस. का ते मी वेळ आली की सांगेन.

बीपी उत्तम आहे. कित्येक दिवसांनी भूक लागली.

ताई


१६ एप्रिल

ताई,

बगळ्याची पार तारांबळ उडाली आहे.

हवेच्या पिशवीवर त्याने आधी लिहिलं, "तपासून कळवतो." मग आठवड्याने लिहिलं, "संदर्भ स्पष्टच आहे." मी तू सांगितलंस तसं विचारलं, "कोणता संदर्भ, ते कळलं तर उपकार होतील." मग आठ दिवस काही नाही. दुसऱ्या प्रश्नाला, माशाच्या कुशीवरच्या त्या पार्श्वरेषेच्या, त्याने एवढं लांबलचक उत्तर लिहिलं की मला तीनदा वाचावं लागलं, आणि त्यात उत्तर सोडून सगळं होतं. तिसऱ्याला म्हणाला, "हे पूर्वीच्या कर्मचाऱ्यांचं काम आहे." मी लगेच विचारलं, "पण अक्षरं आपली आहेत, मग पूर्वीच्या कर्मचाऱ्यांचं नाव तिथे परत घालायचं का?" त्यावर थेट फोन! "नाही नाही, तसं नाही, मी बघतो."

खरं सांगू? पहिले काही दिवस मजा आली. टेबलाखाली हात चोळत उत्तरांची वाट बघायचे. पण आता आवाज ऐकला की कसंतरी वाटतं. जूनमध्ये त्यांच्याकडे तपासणी समिती येणार आहे, पुढच्या वर्षांचा निधी त्यावर आहे, आणि समितीने लिहून कळवलंय की एकही प्रश्नचिन्ह उघडं दिसता कामा नये. प्रत्येक दुवा "तेच" तरी हवा, "जवळचं" तरी, नाहीतर काढून टाका. तो माणूस रोज तुझ्या जुन्या खोलीत बसून बाटल्यांतले मासे उलटेपालटे करून बघतो म्हणे.

तो माझ्याशी फार नीट बोलतो हल्ली. आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

त्या श्वासपिशवीत काय आहे? मला सांगितलंस तर बरं.

चिमी


२४ एप्रिल

मावशीचा फोन आला होता.

आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, असं तू लिहिलंस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मावशी बिचारी आनंदाने सांगत होती: चिमीला तुमच्या गावात मोठी नोकरी लागतेय, ऑफिसजवळ जिना नसलेलं घर बघतोय, आता दोघी बहिणी जवळ जवळ. मी विचारलं कुठलं ऑफिस. तर म्हणे, "अगं, तुझंच की!"

माझंच!

ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती? महिनाभर माझ्याकडून प्रश्न लिहून घेतलेस, माझ्या रागावर हसलीस, आणि तिकडे माझ्या खुर्चीचं माप घेत होतीस? पद रद्द झालं होतं ना? मग ते तुझ्यासाठी कसं उगवलं? त्याला माझ्या डोक्यातलं हवंय, आणि ते तुझ्या वाटेने आत जाऊन काढायचंय, एवढं साधं तुला कळू नये? की कळलं आणि चाललं?

उत्तर लिहायचं असलं तर खरं लिही. नाहीतर लिहू नकोस. मावशीला काही बोलले नाही, गुडघ्यांना मलम सांगितलं आणि फोन ठेवला.

ता.क. ती खुर्ची पाठीला टोचते. तुला टोचू दे.


२ मे

ताई,

चारदा लिहून फाडलं. खरं लिहितेय.

हो, त्याने विचारलं. पहिल्यांदा मार्चमध्येच, तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. तेव्हा म्हणाला होता, तू स्वतःहून सोडलंस. मी विश्वास ठेवला, तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुझं पत्र आल्यावर त्याला नाही म्हणणार होते. पण नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. माझी नोकरी संपतेय, आईला तिसऱ्या मजल्यावर चढवत नाही, आणि मी चाळिशीला टेकलेय. तू रागावलीस तर तुझ्या हातात फेकायला पट असतो. माझ्या हातात काय आहे?

आणि खुर्चीत बसले की आतून तुझी अक्षरं परत लावता येतील, असंही मनात आलं. ते निमित्त होतं की खरं, मलाच नीट सांगता येत नाही.

त्याला आता सगळं कळलंय. परवा फोनवर म्हणाला, "हे प्रश्न तुमचे नाहीत. 'आपल्या मनात नेमकं काय होतं' असं विचारणारी जगात एकच बाई आहे." मग तो म्हणाला, "मीच त्यांना पत्र लिहितो."

मी त्याला कळवलंय की तुझ्या होकाराशिवाय मी येणार नाही. त्याने ऐकून घेतलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

चिमी


११ मे

चिमे,

माझ्या होकाराशिवाय येणार नाहीस, हे वाचून राग अर्ध्यावर आला. उरलेला अर्धा तू भेटशील तेव्हा.

बगळ्याचं पत्र आलं. टाइप केलेलं, खाली सही. तुला उतरवून देते: "जुना स्नेह स्मरून विनंती करतो की, आपल्याकडील माहितीच्या आधारे उर्वरित शंकास्थानांचा निर्वाळा आपण लेखी पाठवावा. संस्थेच्या हितासाठी आपण वैयक्तिक मतभेद बाजूला ठेवाल अशी खात्री आहे." वैयक्तिक मतभेद! पाकीट मारायचं आणि वर म्हणायचं, आपला मतभेद आहे. नाव परत लावण्याबद्दल एक अक्षर नाही.

आता श्वासपिशवीचं सांगते. आजवर हे कोणालाच सांगितलेलं नाही.

काही मासे पाण्याबाहेर तग धरतात, त्यांच्या कल्ल्यांच्या वर एक पिशवी असते, त्यात हवा भरून घेतात. असे मासे दोन वेगवेगळ्या कुळांत आहेत. एक काठावर चढणारा, एक चिखलातला मिशीवाला. बगळ्याचा प्रबंधच यावर: दोन्ही पिशव्या म्हणजे एकच अवयव, कारण दोन्ही कल्ल्याच्या पहिल्या कमानीतून फुटतात. त्या जोरावर तो प्रमुख झाला. मी नवी होते तेव्हा त्याच्या प्रबंधावरून तो दुवा मीच जोडला: "तेच." मग बरेच दिवसांनी बाटल्या नीट लावताना सहज दोन मासे भिंगाखाली धरले. चढणाऱ्याची पिशवी पहिल्या कमानीतून निघते, बरोबर. मिशीवाल्याची दुसरीतून आणि चौथीतून! दिसायला सारख्या, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. बगळ्याने कमान मोजताना चूक केली होती.

माझी धाकटी पोटात असताना कोणी मला दारात उभं करत नव्हतं, तेव्हा या माणसाने नोकरी दिली होती. मी ते विसरले नव्हते. म्हणून दुवा तोडला नाही. माझ्या अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. कोणी विचारलं की मी हळूच सांगायचे, हा वापरू नका. इतकी वर्षं त्याची चूक मी माझ्या नावाखाली झाकून ठेवली, चिमे. आणि त्याने झाकणच काढून फेकलं, वर स्वतःचं नाव डकवलं.

त्याला सगळी उत्तरं पाठवतेय. सगळी खरी. श्वासपिशवीचंही खरंच लिहिलंय: दुवा तोडा, कमान चुकली आहे, तिसऱ्या फडताळातल्या दोन बाटल्या स्वतः उघडून बघा. एकही शब्द खोटा नाही.

ताई


२० मे

ताई,

तुझं पत्र वाचून मी रडले. तू किती मोठ्या मनाची आहेस गं! मी असते तर त्या माणसाला तसंच बुडू दिलं असतं. आईला म्हटलं, ताई निवळली. आई म्हणाली, शेवटी आपल्या घरचं रक्त.

पण आता वेगळंच झालंय. त्याने तुझी बाकीची उत्तरं मुकाट्याने घेतली, प्रश्नचिन्हं काढली, खाली स्वतःची अक्षरं. तुझा उल्लेखही नाही. श्वासपिशवीचं वाचून मात्र मोठ्याने हसला. मला फोन करून म्हणाला, "बघा बाईंचा सूड! सगळं खरं लिहिलं आणि एका जागी विष कालवलं. समितीसमोर मी माझाच प्रबंध खोटा ठरवावा म्हणून! एवढा का मी भोळा?" त्याने प्रश्नचिन्ह काढून तिथे "तेच" केलंय, आणि समितीला नमुना म्हणून तोच दुवा दाखवणार आहे.

मी म्हटलं, सर, बाटल्या तरी उघडून बघा. तर म्हणे, "माझे मासे मला दाखवू नका."

ताई, मी परत सांगू का त्याला? आमच्या डेटाबेसाच्या बाजूने समितीच्या बैठकीला मला बोलावलंय. त्याआधी तुझं आत्ताचं पत्र, ते प्रश्नचिन्ह तू कशासाठी टाकलं होतंस ते, त्याला वाचून दाखवलं तर कदाचित पटेल. अजून वेळ आहे. तू फक्त हो म्हण.

तुझी चिमी


२६ मे

चिमे,

नाही.

मी निवळले असं कोणी सांगितलं तुला? मोठं मन बिन काही नाही. मला ठाऊक होतं तो मानणार नाही. 'तेच' बरोबर आहे असं खोटं लिहिलं असतं तर संशयाने त्याने बाटली उघडून बघितली असती, कारण खोटं पकडायला त्याला आवडतं. खरं लिहिलं. तो स्वतः जसा आहे तसंच सगळं जग आहे असं तो धरून चालतो, त्यामुळे माझं खरं त्याच्या गळी उतरणारच नव्हतं. मला सूड घ्यायला खोटं बोलायची गरजच नव्हती. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

लेखी सांगितलं, बाटलीची जागा सांगितली. यापलीकडे मी त्याची आई नाही.

तू समितीत जा. आपणहून काही बोलू नकोस. कोणी विचारलं तर खरं सांग, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि माझं पत्र त्याला दाखवलंस तर माझा तुझा संबंध संपला, मावशीच्या गुडघ्यांची शपथ.

ताई


१४ जून

ताई,

झालं.

लांबट खोली, मधे टेबल, पाण्याच्या बाटल्या, पडदा. समितीत पाच जण. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, कानात यंत्र, सगळा वेळ बिस्किटाचा कागद दुमडत बसलेल्या. बगळा नवा कोट घालून आला होता. छान बोलला. बाकीच्या दुव्यांवर सगळ्यांनी माना डोलावल्या, तुझ्याच उत्तरांवर. मग त्याने श्वासपिशवी पडद्यावर आणली आणि म्हणाला, "याचा मला विशेष अभिमान आहे."

त्या बाईंनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "माझ्याकडे याचं चित्र आहे, लावू का?" मिशीवाल्या माशाचं, रंग देऊन हाडं उठवलेलं. "जरा मोजता का? मला लांबून दिसत नाही."

तो उठला, पडद्यापाशी गेला, बोट लावलं. एक म्हणाला. मग दोन म्हणाला, आणि बोट तिथेच राहिलं. पिशवीचं देठ त्याच्या बोटाखाली होतं. त्या बाई म्हणाल्या, "पुढे मोजा ना." तो तीन म्हणाला, आणि चार म्हणाला नाही.

मग त्यांनी विचारलं, "जुन्या आवृत्तीत इथे प्रश्नचिन्ह होतं. मी एकदा विचारलंही होतं, तेव्हा एका बाईंनी फार सभ्यपणे सांगितलं होतं, हा वापरू नका. त्या बाई कुठे गेल्या?" त्याने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मी सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तुला घरी बसवलं, अक्षरं बदलली, तुझं उत्तर त्याला आलं होतं, हेही.

निकाल असा: दुवा रद्द. जुनी अक्षरं सगळीकडे परत लावायची, आणि ते काम मी करायचं. प्रमुखपदाचं समिती वर कळवणार आहे, पण त्याने तिथेच म्हटलं की मी पुढच्या महिन्यात पद सोडतो.

नंतर तो तुझ्या जुन्या खोलीत बसला होता. दोन्ही बाटल्या समोर. मला म्हणाला, "त्यांनी खरंच लिहिलं होतं?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "मग प्रश्नचिन्ह कशासाठी होतं?" ते मी सांगितलं नाही. पण त्याला कळलं असावं. चष्मा काढून बसला.

कालपासून अक्षरं लावतेय. पडदाभर तुझं नाव येत चाललंय, तू बघायला हवी होतीस.

एकच विचारायचंय. रद्द झालेला दुवा आपल्याकडे कधी पुसत नाहीत, तो रद्द म्हणून राहतो, शेवटचा निर्वाळा ज्याने दिला त्याच्या अक्षरांसकट, कायमचा. श्वासपिशवीखाली त्याची अक्षरं आहेत. पण तो दुवा मुळात तुझा. तिथे तुझी अक्षरं आणि पुढे तुझं प्रश्नचिन्ह परत लावलं तर नियमात बसतं. मग त्याची चूक झाकली जाईल, पूर्वीसारखी. ताई, त्याचं सगळं गेलंय. एवढं एक लावू का?

चिमी


२१ जून

चिमे,

तुझं पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून. चार म्हणाला नाही, ते दोनदा वाचलं. फार बरं वाटलं. वाटू नये असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

आवृत्ती मीही उघडली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी खुशाल हवा तो समज करून घ्या. तुझ्या भाऊजींना पडद्यापाशी बोलावून दाखवलं. म्हणाले, "हे कोणाचं नाव?" मी म्हटलं, माझं.

खुर्ची घे. मावशीला जिना नसलेलं घर बघ, माझ्या गल्लीत एक रिकामं आहे. उशी पाठवतेय, ती खुर्ची खरंच टोचते.

आता तुझ्या प्रश्नाचं. एकदा झाकलं होतं, नोकरीच्या उपकारापोटी. ते फिटलं. त्याला माझं सगळं हवं होतं, माझे दुवे, माझी उत्तरं, माझी जागा. मी सगळं परत घेतेय, पण हे एक माझं नाही, हे त्याने स्वतःच्या हाताने केलंय. तिथे त्याची तीन अक्षरं राहू देत. बोट लावू नकोस.

आणि पुढे कधी कोणी तुला विचारलं की इथे काय घडलं होतं, तर काही सांगू नकोस. नियम आहे आपला. ज्याचं नाव आहे, त्याला विचारा म्हणावं.

ताई